काटेवाल्या गव्हर्नरचं गाव

मापाडीपुत्र (धागाकर्ता)
आबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे बॉस्टनला आलेत. आबा म्हणजे माझे वडील. नाशिक जिल्ह्यातल्या एका बाजार समितीत ३३ वर्षं मापाडी होते. मागच्या शनिवारी पानगळीचे रंग दाखवायला त्यांना व्हरमाँटला नेलं. झाडांनी त्यांचं अर्ध्या तासात समाधान झालं ("आपल्याकडं शिमग्याला पळस बघ की"). जीव रमला तो सेंट जॉन्सबरी नावाच्या लहानशा गावात, इतिहास केंद्रात मांडलेल्या जुन्या लोखंडी काट्यांपाशी. खाली फळी, वर दांडी, दांडीवर सरकतं वजन. लांबूनच म्हणाले, "हा तर आपल्या यार्डातला!" नाव होतं फेअरबँक्स.

मग गावात फिरलो तर जिकडेतिकडे तेच आडनाव. वाचनालय त्यांचं, संग्रहालय त्यांचं, शाळा त्यांची. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: इरॅस्टस फेअरबँक्स, जन्म १७९२, मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डचा. १८१२ साली सेंट जॉन्सबरीला वकील मामाकडे कायदा शिकायला आला. डोळ्यांनी दगा दिला, पुस्तकं सुटली. मग मास्तरकी, मग आसपासच्या गावांत दुकानदारी, आणि पुढे धाकटा भाऊ थॅडियस याच्याबरोबर ओतकामाचा कारखाना. आधी चुली आणि नांगर, मग काटे. काट्यांनी इतका पैसा आणला की साहेब १८५२ मध्ये व्हरमाँटचे गव्हर्नर झाले, १८६० मध्ये पुन्हा झाले. मुलगा होरेस १८७६ ते ७८ गव्हर्नर. दोघांनी आणि बाकी घराण्याने गावाला भरभरून दिलं.

परत निघताना आबा गाडीचा पट्टा लावता लावता म्हणाले, "ज्याच्या हातात काटा, त्याच्याच हातात राज्य? आन् लोकांनी चालू दिलं?" मी काहीतरी गुळमुळीत बोललो. तर आता तुम्हीच सांगा. कारखानदाराने राज्य चालवावं का? आणि अख्ख्या गावाला एकाच घराने दान द्यायचं, याला औदार्य म्हणायचं की सातबारा?

खडीसाखर
मी पयली!
"औदार्य की सातबारा" साठी धाग्याला आधीच +१.

पुणेरी_चष्मा
शीर्षकात गव्हर्नर लिहिलंत ते उत्तम केलंत. राज्यपाल लिहिलं असतं तर अर्धा धागा त्यातच गेला असता. आपला राज्यपाल नेमलेला असतो. तिकडचा निवडून येतो आणि कारभार हाकतो, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. त्यातून व्हरमाँटमध्ये १८७० पर्यंत मुदत एकच वर्षाची होती. म्हणून वडील दोनदा होऊन दोन वर्षं, आणि मुलगा एकदाच होऊन दोन वर्षं.

खडीसाखर
चष्माकाका, वाद टाळायचा कसा हे सांगता सांगता अर्धा धागा खाऊन टाकलात. :)

तरफ
काट्याचा विषय निघाला आणि मी गप्प बसणं शक्य नाही. वजनकाटे दुरुस्तीत बावीस वर्षं गेली.

१८३० पूर्वी भरलेली गाडी तोलायची पद्धत ऐका. उंच लाकडी सांगाडा, त्यावर एक भली मोठी दांडी, एक बाजू आखूड आणि एक लांब. आखूड बाजूला साखळ्या. साखळ्या गाडीला बांधायच्या आणि गाडी मालासकट अधांतरी उचलायची. मग लांब बाजूवर वजन सरकवत जायचं. अर्धा तास मोडायचा, माणसं घामाघूम, आणि आकडा अंदाजपंचेच.

त्याच सुमाराला व्हरमाँटच्या त्या भागात हेंपच्या लागवडीचं खूळ आलं होतं. दोरखंडाच्या धाग्यासाठी. थॅडियस त्या प्रक्रियेच्या कामात होता, शेतकऱ्यांच्या गाड्या रोज दाराशी, आणि तोलताना जीव मेटाकुटीला. त्याने उलटा विचार केला: गाडी वर कशाला उचलायची, काटाच खाली घालू. जमिनीत खड्डा, खड्ड्यात तरफा, तरफांवर रस्त्याच्या पातळीला फळी. गाडी नुसती चालवत आणायची.

यातली खरी करामत फळीत नाही, तरफांच्या जोडणीत आहे. तरफा अशा जोडल्यात की बोजा फळीच्या कुठल्याही कोपऱ्यात असो, बाहेरच्या दांडीवर ओढ तेवढीच येते. टेकू सुरीच्या पात्यासारखे धारदार, म्हणजे घर्षण नगण्य. पेटंट जून १८३१ चं. आज खड्ड्यात लोडसेल (वजन विजेच्या संकेतात मोजणारे भाग) आलेत, पण भरलेला ट्रक चालवत फळीवर आणायचा आणि तोलायचा, ही कल्पना त्याच खड्ड्यातली.

शिंपल्यातला_चंद्र
थांबा थांबा. हेंप म्हणजे भांगेच्याच जातीचं झाड ना? म्हणजे जगातला सर्वांत प्रामाणिक काटा भांगेपायी जन्मला?

तरफ
जातकुळी तीच, पण हे दोरखंडाचं. ओढून झोप येत नाही, फक्त हाताला फोड येतात.

गुऱ्हाळवाला
"प्रामाणिक काटा" हे दोन शब्द शेजारी वाचून गहिवरून आलं. चंद्रभाऊ, एकदा गळीत हंगामात आमच्याकडं या.

आम्ही ऊसवाले. काटामारी हा शब्द आमची पोरं पाढ्यांच्या आधी शिकतात. दोन वर्षांमागं भावाने ट्रॅक्टर कारखान्यावर न्यायच्या आधी वाटेतल्या खाजगी काट्यावर चढवला. दोन पावत्यांत पावणेदोन टनाचा फरक. विचारायला गेला तर काटेवाला म्हणाला, वाटेत ऊस वाळला असंल. अंतर नऊ किलोमीटर, महिना डिसेंबर.

त्याच्या आधी, आजोबांच्या काळात, बैलगाडी बैलांसकट काट्यावर चढायची. एक बैल अर्धा पाऊल मागं सरला की दांडी नाचायची. काटेवाला ओरडायचा, "बैल धरा, बैल!" आजोबा बैलाच्या तोंडाशी जाऊन मान वर करतात तोवर त्याने आकडा लिहून पावती फाडलेली. आयुष्यभर आजोबांनी काट्यावरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला नाही. बैलाचे डोळेच बघितले.

म्हणून आबांचा प्रश्न मला सोळा आणे पटला. काटा बनवणारा वेगळा आणि काट्यावर बसणारा वेगळा हे मान्य. पण राज्य हे काट्यावर बसणंच झालं.

मापाडीपुत्र
गुऱ्हाळवाले, तुमचा प्रतिसाद आबांना वाचून दाखवला. बैलाच्या डोळ्यांपाशी दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "लिही त्येला, मापाडी समदेच तसले नसतात." लिहिलं.

बर्फातली_जाई
मी व्हरमाँटमध्येच राहते, बर्लिंग्टनला. सेंट जॉन्सबरीला वर्षातून एकदोनदा जाणं होतं, म्हणून थोडी भर.

लोकांनी चालू दिलं का? आबांना सांगा, एक वर्ष दिलं, मग घरी बसवलं. इरॅस्टस कडक धार्मिक माणूस. काँग्रिगेशनल चर्चचा मोठा आधारस्तंभ, दारूचा वैरी. १८५२ मध्ये दारूबंदीचा कायदा त्यांच्याच सहीने झाला. पुढच्या निवडणुकीत मतं सर्वांत जास्त मिळाली तरी निम्म्याच्या वर गेली नाहीत, आणि तिथला नियम असा की मग निवड विधिमंडळाने करायची. विधिमंडळाने डेमोक्रॅट उमेदवार जॉन रॉबिन्सन यांना बसवलं. त्यानंतर व्हरमाँटला पुढचा डेमोक्रॅट गव्हर्नर मिळाला तो थेट १९६३ मध्ये! दारूबंदी मात्र पन्नासेक वर्षं टिकली. आता याच राज्यात गावोगावी बिअर गाळतात, ते सोडा.

१८६० ला लोकांनी त्यांना परत आणलं, या वेळी रिपब्लिकन म्हणून. सहा महिन्यांत यादवी युद्ध पेटलं. एप्रिल १८६१ मध्ये खास अधिवेशन भरवून विधिमंडळाने सैन्य उभारायला दहा लाख डॉलर मंजूर केले. एवढ्याशा डोंगराळ राज्याला ही रक्कम केवढी! ती खर्च करायची जबाबदारी या माणसावर. माणसं गोळा करणं, कपडे, बुटं, बंदुका, आगगाड्या. इथे कारखानदार असणं उपयोगी पडलंच असणार. माल कुठून किती दिवसांत येतो हे त्याला तोंडपाठ. आणि गव्हर्नरकीचा पगार त्यांनी घेतला नाही.

पुणेरी_चष्मा
"पगार घेतला नाही" हे वाक्य पुढाऱ्याबद्दल वाचलं की माझा हात आपोआप खिशाकडे जातो.

बर्फातली_जाई
चष्मा, या वेळी काढा हात बाहेर. युद्ध संपायच्या आधीच, नोव्हेंबर १८६४ मध्ये, गेले ते.

नगरी_नग
फेअरबँक्स नाव वाचून मी उडालोच. आमच्या नगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला फेअरबँक नावाचे मिशनरी होते. आमच्या आजीच्या तोंडी "फेरबँक सायब" असायचे. तेच का हे घराणं? असतील तर आमच्या वडाळ्यालाही एखादं वाचनालय मागून घेऊ.

पुणेरी_चष्मा
नगरी, एका "स" चा फरक आहे. तुमचे रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक, हे फेअरबँक्स. तुमचे अमेरिकन मराठी मिशनचे, कनेक्टिकटकडचे. पण त्यांनाही कमी लेखू नका. पक्ष्यांचा मोठा नाद होता त्यांना. दक्षिणेत पळणीच्या डोंगरात एक लाफिंगथ्रश सापडतो, त्याच्या शास्त्रीय नावात आजही "फेअरबँकी" आहे. वाचनालय नसेल, पाखरू आहे.

नगरी_नग
पाखरू चालतंय. पण ते पळणीला गेलं, वडाळ्याला नाही. नगरचं नशीब.

कुंडल_रोड
धागा वाचताना सारखे किर्लोस्कर आठवत होते. किती सारखं आहे बघा. तिकडे ओतीव लोखंडाचा नांगर (थॅडियसचं पहिलं पेटंट १८२६ चं, नांगराचंच), इकडे लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर. तिकडे भाऊ-भाऊ, इकडे लक्ष्मणराव आणि रामूअण्णा. तिकडे सेंट जॉन्सबरी, इकडे किर्लोस्करवाडी. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी माळरान दिलं आणि १९१० मध्ये निवडुंग तोडून, साप मारून वाडी उभी राहिली. आमचे पणजोबा त्या निवडुंग तोडणाऱ्यांत होते, म्हणून जरा कौतुकाने लिहितोय. पहिले नांगर विकले जाईनात, लोखंडाने जमिनीला विष चढतं असं शेतकरी म्हणायचे, हे त्यांच्याकडून आमच्या घरात उतरलेलं.

फरक एकच. लक्ष्मणराव निवडणुकीला उभे राहिले नाहीत.

दुसरी_बाजू
सगळे भारावलेले दिसताहेत म्हणून जरा पाणी ओततो.

त्या गावातल्या कामगाराच्या जागी स्वतःला ठेवा. पगार फेअरबँक्सकडून. पोरगं फेअरबँक्सच्या शाळेत. मालाची आगगाडी ज्या कंपनीची, तिचा अध्यक्षही इरॅस्टसच. रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर मालक, आणि संध्याकाळी घोटभर घ्यावी म्हटलं तर दारूबंदीच्या कायद्यावरही मालकाचीच सही. अशा गावात "मला पटत नाही" हे वाक्य कुठे जाऊन बोलायचं?

दान हा शब्द मी जपून वापरतो. पगारात दोन सेंट वाढवले तर त्याची पाटी लागत नाही, वाचनालयाला लागते.

खडीसाखर
दुसरी_बाजू, तुमच्याशी सहमत व्हायला मला आवडत नाही. पण "घोटभर" वर झाले.

बर्फातली_जाई
दुसरी_बाजू, मुद्दा बरोबर आहे, चित्र मात्र निम्मंच आहे. आमच्या इकडे आजही कोणी फेअरबँक्सला संत म्हणत नाही. पण त्या वाचनालयात एकदा जाऊन या.

सेंट जॉन्सबरी अथेनियम. होरेसने बांधलं, १८७१ मध्ये उघडलं. पहिल्या दिवसापासून गावाला फुकट. पायाखाली लाकडी जमीन, ती कुरकुरते. कुरकुरली की वाचणारे मान वर करून बघतात आणि आपल्याला शाळेतल्यासारखं वाटतं. पुस्तकांच्या दालनांतून मागे मागे जात राहायचं. शेवटच्या दारातून एकदम एक डोंगर अंगावर येतो. आल्बर्ट बियरश्टाटचं योसेमिटी दरीचं चित्र, दहा फूट उंच, पंधरा फूट रुंद. ते लावायला होरेसने १८७३ मध्ये मागे वेगळं दालन बांधलं. छतात काच आहे, वरून उजेड येतो. मी एकदा ढगाळ दुपारी गेले होते. समोर बसले असताना ढग सरकला आणि चित्रातल्या कड्यांवर ऊन पडलं. शेजारच्या बाकावर एक आजोबा स्वेटर विणत होते (हो, आजोबा), त्यांनी सुया थांबवल्या, बघितलं आणि पुन्हा विणायला लागले.

मूळ चित्र एका धनिकाने २५,००० डॉलरला काढून घेतलं होतं. तो बुडाला, लिलाव झाला, होरेसने ५,१०० ला उचललं. काटेवाल्याचाच मुलगा!

आणि गावात फेअरबँक्स म्युझियम आहे, होरेसचा भाऊ फ्रँकलिन याने १८९१ मध्ये उघडलेलं. भुसा भरलेले पक्षी, अस्वलं वगैरे. त्यात जॉन हॅम्पसन या माणसाने केलेली चित्रं आहेत, रंगाऐवजी खरे किडे आणि पतंग लावून. एकेका चित्रात हजारोंनी. लांबून रेशमी भरतकाम वाटतं. जवळ गेलं की सगळ्यांना पाय फुटतात.

शिंपल्यातला_चंद्र
आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये ही कला रोज डाळीत बघायला मिळायची. त्याचं कोणी म्युझियम केलं नाही.

मिनेसोटाचा_मावळा
मूळ प्रश्नाला धरून अजून एक माणूस सांगतो, कारण दानाच्या मागे काय असतं यावर चर्चा चाललीय.

कॅडवॉलडर वॉशबर्न. विस्कॉन्सिनचा गव्हर्नर, १८७२ ते ७४. त्याच्या पिठाच्या गिरण्या मात्र आमच्या मिनिआपोलिसला, मिसिसिपीच्या धबधब्यावर. २ मे १८७८ च्या संध्याकाळी त्याच्या सर्वांत मोठ्या गिरणीत पिठाच्या धुळीने पेट घेतला आणि इमारत उडाली. १८ माणसं मेली. ज्यांच्या घरी चक्की आहे त्यांना माहीत असेल, पिठाचा खकाणा हवेत कोंडला की ती बंदुकीची दारूच असते. माझे सासरे गिरणी चालवायचे, कोणी उंबऱ्यात काडी ओढली तरी अंगावर धावून जायचे.

वॉशबर्नने गिरणी पुन्हा बांधली, या वेळी धूळ ओढून घेणारी यंत्रं बसवून. मृत्युपत्रात अनाथाश्रमासाठी मोठी रक्कम ठेवली. मॅडिसनच्या विद्यापीठाला वेधशाळाही दिली. आता यातलं प्रायश्चित्त किती आणि औदार्य किती, हे कोणत्या काट्यावर तोलणार? मला विचाराल तर त्या अनाथाश्रमापेक्षा धूळ ओढणारी यंत्रं मोठं दान.

दुसरी_बाजू
मावळे, शेवटच्या वाक्याला माझा मुजरा. मी हेच म्हणत होतो, फक्त मला उदाहरण सापडत नव्हतं.

मुकुंदनगर_नव्हे
आपल्याकडेही कारखानदार राज्यपाल झालेत की. मुकुंद कंपनीचे वीरेन शाह १९९९ ते २००४ पश्चिम बंगालचे राज्यपाल होते. आणीबाणीत बडोदा डायनामाइट खटल्यात जॉर्ज फर्नांडिसांबरोबर आरोपी होते तेच. त्याआधी टाटांकडचे सर होमी मोदी उत्तर प्रदेशला.

पुणेरी_चष्मा
तेच ते, नेमलेले. मी दुसऱ्याच प्रतिसादात...

खडीसाखर
काका, नको!

तरफ
एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून पुन्हा आलो. काटा बनवला थॅडियसने. गव्हर्नर झाला इरॅस्टस. थॅडियस पडला अबोल माणूस, प्रकृतीने नाजूक. कायम काहीतरी ठोकत, घासत बसलेला. बर्फ घालून थंड ठेवायच्या कपाटाचंही पेटंट घेतलं त्याने. हिशेब, पत्रं, गिऱ्हाईक, आगगाडी, राजकारण हे सगळं थोरल्याकडे. तिसरा भाऊ जोसेफ, तोही धंद्यात. तिघांनी मिळून १८४२ मध्ये अकादमी, म्हणजे गावातली ती शाळा, काढली. इरॅस्टस गेल्यावर थॅडियसने तिच्या नव्या इमारतींचा खर्च उचलला. १८८६ मध्ये गेला, नव्वदीचा होऊन. ऑस्ट्रियाच्या बादशहाने, सयामच्या राजाने, ट्युनिसच्या बेने (म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याने) त्याला पदकं पाठवली. मतं मात्र त्याने कधी मागितली नाहीत.

माझ्या धंद्यातल्या माणसाला विचाराल तर खरं दान त्या खड्ड्यात आहे. त्याआधी अमेरिकेत शेतकऱ्याचं गवत, कोळसा, लोकर नजरेने ठरायचं. हा काटा आल्यावर विकणारा आणि घेणारा दोघेही एकाच दांडीकडे बघायला लागले. टपाल खात्यात तेच, रेल्वेत तेच.

गुऱ्हाळवाला
तरफराव, काट्याबद्दल माझं भांडण नाहीच. आजोबांचं तेच तर दुखणं होतं. दांडी होती, दोघांना बघता येईल अशीच होती. पण बघायला दोघंही मोकळे पाहिजेत. एकाच्या हातात बैलाची वेसण असली तर काय उपयोग?

जाईताईंनी सांगितलं तेच मला त्यात मोलाचं वाटलं, की एका वर्षात पाडला त्याला. गावातला सगळ्यात मोठा मालक, पगार देणारा, सज्जन वगैरे, तरी पाडला. आणि सात वर्षांनी गरज पडली तेव्हा परत बोलावला. आमच्याकडं कारखान्याचा चेअरमनच आमदार, तोच बँकेचा संचालक, तोच कॉलेजचा अध्यक्ष. पडायचा प्रश्न येत नाही. पडला तरी पोरगा उभा असतो.

खडीसाखर
पोरगा तर होरेसही उभा राहिलाच की!

गुऱ्हाळवाला
ताई, बारा वर्षांनी. बाप वारल्यावर. एवढा दम आमच्याकडं कुणाला निघत नाही.

बर्फातली_जाई
शाळेचं राहिलं. सेंट जॉन्सबरी अकादमी आजही चालू आहे. गावाला वेगळं सरकारी हायस्कूल नाही, गावची मुलं तिथेच जातात आणि फी करातून जाते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले कॅल्विन कूलिज तिथे काही दिवस शिकून गेले. आता कोरियातल्या जेजू बेटावर शाखा आहे.

काट्यांची कंपनी मात्र कधीच घराण्याच्या हातून गेली, मुख्य कचेरी आता कॅन्सस सिटी परिसरात. म्हणून दुसरी_बाजू यांना एवढंच सांगेन, मालक गेला, आगगाडीही गेल्यातच जमा. उरलंय ते दानच.

दुसरी_बाजू
जाई, हा वार लागला. पण पाटीही उरलीच ना. :)

मापाडीपुत्र
सर्वांचे आभार. काल रात्री जेवणानंतर सगळा धागा आबांना मोठ्याने वाचून दाखवला, खडीसाखरेच्या स्मायल्यांसकट. बियरश्टाटच्या चित्रासमोर आम्हीही उभे होतो, आबांना तिथे काय वाटलं ते मी विचारलंच नव्हतं. काल म्हणाले, "त्या डोंगराखाली बाक व्हता. चांगलं केलं. आपल्याकडं बघायला ठेवत्यात, बसायला ठेवत नाहीत."

मग मी मूळ प्रश्न परत विचारला. ज्याच्या हातात काटा त्याच्या हातात राज्य द्यावं का? आबांनी त्यावर दिलं ते उत्तर आहे का मला अजून ठरवता आलेलं नाही. सांगितली ती गोष्ट अशी. यार्डात वर्षातून एकदा वजनमापं खात्याचा इन्स्पेक्टर यायचा, प्रमाणित वजनं घेऊन. काटा तपासायचा, शिशावर शिक्का मारायचा. व्यापारी त्याला चहा पाजायचे, हमाल लांब उभे राहायचे. एका वर्षी शिक्का मारून तो निघाला तसा आबांनी त्याला थांबवलं आणि म्हणाले, सायेब, फळीच्या मधी ठेवलं वजन, आता कोपऱ्यात ठिवा. कोपऱ्यात ठेवलं तर दीड किलोचा फरक. खाली तरफेत कांद्याचं साल आणि माती अडकली होती. व्यापारी आठ दिवस आबांशी बोलले नाहीत.

"मग?" मी विचारलं.
"मग काय. साफ केला काटा."

तरफ
कोपऱ्यात ठेवायला सांगितलं?! आबांना माझा साष्टांग नमस्कार. शिकलेले इंजिनिअर ही तपासणी विसरतात.

नगरी_नग
आबांना विचारा ना, सेंट जॉन्सबरीच्या त्या काट्यावर त्यांनी कोपऱ्यात हात ठेवून बघितला का?

मापाडीपुत्र
नगरी, मी विचारणार नव्हतो पण विचारलं. "दोरी लावलेली व्हती," म्हणाले. थोड्या वेळाने: "लांबून जरा दाबला."

गुऱ्हाळवाला
आबांना रामराम सांगा. आमची तोड आली, परवा गाडी काट्यावर लागेल. या वेळी आधी कोपऱ्यात उभा राहून बघतो.

खडीसाखर
बैल कोणाकडे तरी देऊन जा मात्र.